ऐकणारी बोटे

विक्रोळी स्थानकाच्या पूर्वेकडे उतरून थोडे चालत गेले, की टागोरनगर लागते. गृहनिर्माण मंडळाने कामकरी कुटुंबांसाठी वसविलेली ही जुनी वसाहत. सकाळी कामावर जाणाऱ्यांची धावपळ, दुपारी शाळेतून परतणाऱ्या मुलांचा गलका आणि सायंकाळी बाजारातली गर्दी, असा तिचा दिवस जातो. परंतु गुरुवारी रात्री जेवणे आटोपली, की एका इमारतीच्या पटांगणातील लहानशा देवळापुढे सतरंजी अंथरली जाते. पखवाजाला शाई लावलेली असते, टाळांच्या दोऱ्या सारख्या केल्या जातात, आणि मग पेटीवर पहिला षड्ज उमटतो. कोकणातून नोकरीसाठी आलेल्या मंडळींनी आपल्या गावाकडचे भजन येथेही सोडलेले नाही.

या भजनाचे बुवा एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. कोकणातल्या रीतीप्रमाणे ते स्वतःच पेटी वाजवीत आणि स्वतःच गात. त्यांची पेटी घरून देवळापर्यंत उचलून आणण्याचे काम त्याच इमारतीतील एका बारा वर्षांच्या मुलाकडे होते. प्रथम तो केवळ पेटी उचलीत असे. पुढे तो तिच्याजवळ बसू लागला. मग एके दिवशी बुवांनी त्याचा उजवा हात धरून पट्ट्यांवर ठेवला, आणि त्याचे शिक्षण सुरू झाले. दोन वर्षांत तो चार-पाच अभंग नीट वाजवू लागला. बुवा गाऊ लागले, की पेटी आता पुष्कळदा त्याच्याकडे असे. आपण वसाहतीतले ‘पेटीवाले’ आहोत, याचा त्याला मोठा अभिमान वाटे.

एके दिवशी वर्गात गुरुजींनी विचारले, “आपल्या वसाहतीला ज्यांचे नाव आहे, ते टागोर कोण होते?” मुलांनी आपापल्या परीने उत्तरे दिली. मग गुरुजींनी रवींद्रनाथांविषयी पुष्कळ काही सांगितले. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘जनगणमन’ हे आपले राष्ट्रगीत त्यांचेच. त्यांनी दोन हजारांहून अधिक गीते रचली आणि त्यांना चालीही लावल्या. हे सर्व ऐकताना मुलगा अगदी रंगून गेला होता. बोलता बोलता गुरुजी म्हणाले, “गंमत अशी, की एवढ्या मोठ्या संगीतप्रेमी कवीला पेटी मुळीच आवडत नसे. आपल्या आश्रमातून त्यांनी ती हद्दपार केली होती. १९४० साली त्यांनी कोलकात्याच्या रेडिओ केंद्रालाही तसे लिहिले. त्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम बंद केली.”

वर्ग हसला. मुलगा मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले. त्या गुरुवारी तो पेटी न्यायला गेला नाही. पुढच्या गुरुवारीही गेला नाही. तिसऱ्या गुरुवारी बुवाच त्याच्या दारात येऊन उभे राहिले.

“काय रे, बरे नाही का?” त्यांनी विचारले.

मुलाने प्रथम काही सांगितले नाही. मग एकदम म्हणाला, “बुवा, पेटी हे खरे वाद्य नाही ना? टागोरांना ती आवडत नव्हती. रेडिओनेसुद्धा बंद केली होती. मग मी ती कशाला शिकू?”

बुवा रागावले नाहीत. त्यांनी त्याला आपल्या घरी नेले, पेटी पुढे ओढली आणि भाता हलवीत षड्जाची पट्टी दाबून धरली. त्या षड्जावर त्यांनी हळूच गंधार लावला. आवाज म्हातारा होता, पण सूर पक्का होता. मग त्यांनी पेटीवरची गंधाराची पट्टी दाबली आणि म्हणाले, “आता नीट ऐक. माझ्या गळ्यातला ‘ग’ आणि पेटीतला ‘ग’, दोन्ही एकच आहेत का?”

मुलाने डोळे मिटून ऐकले. प्रथम त्याला काहीच वेगळे वाटले नाही. बुवांनी पुन्हा सूर लावला, पुन्हा पट्टी दाबली. चौथ्या-पाचव्या वेळी मुलाच्या ध्यानात आले, की पेटीचा गंधार किंचित वर चढलेला आहे. अगदी केसभर, पण आहे. दोन वर्षे तो हाच सूर वाजवीत होता, आणि आजवर त्याने तो ऐकलाच नव्हता!

“टागोरांचे खरेच होते,” बुवा म्हणाले. “पेटीत उणीव आहे. ती तुला आज प्रथम ऐकू आली, एवढेच.”

“मग ती वाजवायची तरी कशाला?”

“त्याचे उत्तर मी देण्यापेक्षा गोविंदराव टेंब्यांची हकीकत ऐक,” असे म्हणून बुवांनी पेटी मिटली.

पेटीतील ही उणीव कोणती, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. हार्मोनियम हे मूळचे युरोपातील वाद्य. १८४२ साली पॅरिसमध्ये आलेक्सांद्र देबँ या कारागिराने हार्मोनियम या नावाच्या वाद्याचे एकस्व मिळविले. हे वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजवावे लागे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर मांडी घालून, एका हाताने भाता मारीत वाजविता येईल अशी पेटी बनविली. ती सुटसुटीत होती, उचलून नेण्याजोगी होती, तिला वारंवार सुरात लावावे लागत नव्हते. म्हणून देवळांतून, घरांतून व नाटकमंडळ्यांतून ती पाहता पाहता पसरली.

तिच्या पट्ट्या पियानोसारख्या. एका सप्तकात सात पांढऱ्या व पाच काळ्या. परंतु आवाजाची तऱ्हा निराळी. पियानोची पट्टी दाबली, की आतला हातोडा तारेवर आदळतो, सूर उमटतो आणि त्या क्षणापासून विरत जातो. पेटीत मात्र प्रत्येक सुरासाठी पितळेची एक बारीक जीभ असते. भात्यातील वारा तिच्यावरून गेला, की ती कंप पावते. जोवर वारा आहे, तोवर सूर आहे. या गुणामुळे पेटी माणसाच्या गळ्याच्या जवळ येते. पण तेथेच तिची अडचणही आहे. गवयाचा गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना मधली वाट टाकून देत नाही. तो त्या वाटेने वळणे घेत जातो. याला मींड म्हणतात. सतारीची किंवा सारंगीची तार ही वाट दाखवू शकते. पेटीची पितळी जीभ मात्र आपल्या जागेवर पक्की असते. एक पट्टी आणि दुसरी पट्टी यांच्यामध्ये काहीच नाही. शिवाय सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून तिचे सूर लावलेले असतात. आपल्या संगीतात तर बावीस श्रुतींचा विचार आहे. त्यामुळे काही सूर गळ्यातील सुरांपासून थोडेसे ढळलेले राहतात. बुवांनी मुलाला ऐकविलेला गंधार हा त्यांपैकीच एक.

असे हे अपुरे वाद्य ज्यांच्या हाती आले आणि गाऊ लागले, ते गोविंद सदाशिव टेंबे. त्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी झाला व ते कोल्हापुरात वाढले. त्या काळी कोल्हापूर ही मल्लांची तशीच गवयांचीही नगरी होती. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली अल्लादिया खाँसाहेबांना दरबारगायक म्हणून ठेवून घेतले होते. तेव्हा गोविंदराव अवघे चौदा वर्षांचे होते. गावात संगीतप्रेमी मंडळींचा देवल क्लब होता. तेथे गाणे होई, गाण्यावर चर्चा होई, आणि बाहेरचे गुणी कलावंतही येत. या क्लबाने आपल्याला संगीताची पहिली दृष्टी दिली, असे गोविंदराव पुढे कृतज्ञतेने सांगत.

पण हार्मोनियम त्यांना कोणी शिकविली? या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. ती त्यांना बहुतांशी कोणीच शिकविली नाही. पेटी आपल्याकडे नवी होती. गायनाची घराणी होती, बीनेची होती, तबल्याची होती. पेटीचे घराणे कोठून असणार? तेव्हा तिच्यावर रागदारी कशी वाजवावी, हे ज्याचे त्यानेच शोधायचे होते. गोविंदरावांनी या अडचणीतून वाट काढली. पेटीवाल्यांकडून शिकण्यासारखे नसेल, तर गवयांकडून शिकावे, असे त्यांनी ठरविले. गवई कोठे थांबतो, कोठे श्वास घेतो, कोणत्या सुराला हलकेच स्पर्श करून पुढे जातो आणि कोणत्या सुरावर विसावतो, हे ते ऐकत आणि मग आपल्या बोटांना ते करावयास लावीत.

आज कोणतेही गाणे हवे तितक्या वेळा ऐकता येते. त्या काळची गोष्ट निराळी होती. हिंदुस्थानात गाण्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या त्या १९०२ सालापासून. रेडिओ तर त्याहूनही पुष्कळ पुढचा. गोविंदरावांच्या मुलपणी ज्याला गाणे ऐकायचे असेल, त्याला गवयासमोर जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकदा गाइलेली तान पुन्हा ऐकावयास मिळेल याचा भरवसा नसे. कान एवढीच वही, आणि स्मरण एवढीच शाई. अशा शाळेत जो शिकला, त्याचे ऐकणे किती एकाग्र झाले असेल, याची कल्पना करता येईल.

गोविंदरावांच्या तारुण्यातील मोठे भाग्य म्हणजे त्यांना लाभलेला भास्करबुवा बखले यांचा सहवास. भास्करबुवा हे त्या काळचे थोर गायक. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांतील गुरूंकडे त्यांनी विद्या घेतली होती. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज ही संस्था स्थापणारे ते हेच. अशा गायकाच्या मैफलीत गोविंदराव हार्मोनियमच्या साथीला बसू लागले.

साथ करणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. गायक काय गाणार, हे साथीदाराला आधी ठाऊक नसते. बहुतेक वेळा ते गायकालाही ठाऊक नसते, कारण ख्याल हा तेथल्या तेथे फुलत जातो. साथीदाराला सूर कानी पडताच क्षणार्धात त्याच्या मागोमाग जावे लागते. पुढे गेला तर तो गायकाची वाट अडवितो. मागे राहिला तर गाणे ओढल्यासारखे होते. गायक दम घेण्यासाठी थांबला, की त्याच्या शेवटच्या सुराचा धागा तुटू न देता धरून ठेवावा लागतो. आणि गायकाने पुन्हा आवाज लावला, की तो धागा त्याच्या हाती देऊन नमते घ्यावे लागते. मोठ्याने वाजविण्यात येथे काहीच पराक्रम नसतो. कोठे वाजवू नये, हे कळणे हाच येथला पराक्रम.

भास्करबुवांसारख्या गवयाच्या शेजारी बसून ज्याने साथ केली, त्याला पेटीतील उणीव ठाऊक नसणे शक्यच नव्हते. गळ्याच्या वळणाशी पेटीच्या पट्टीची गाठ तेथे क्षणोक्षणी पडत होती. इतर कोणी अशा वेळी कंटाळून वाद्य सोडून दिले असते, किंवा उणिवेकडे कानाडोळा करून जोरजोराने वाजवीत राहिला असता. गोविंदरावांनी दोन्ही केले नाही. आपल्या वाद्याला काय येत नाही हे रोज ऐकत असताना, त्याला काय येते याचा त्यांनी शोध घेतला.

आणि पेटीला पुष्कळ काही येते! सूर सोडताना पुढच्या सुराची पट्टी दाबली जाईपर्यंत पहिली न सोडणे. मुख्य सुराकडे जाता जाता शेजारच्या सुराला निमिषमात्र शिवून जाणे. भात्यावरचा हात कधी हलका, कधी भारी करून सुराचा जीव लहानमोठा करणे, या युक्त्यांनी तुटक पट्ट्यांतून अखंड ओळ निघू लागते. मींड येत नाहीच. पण मींडेची आठवण येते. ऐकणाऱ्याचे मन मधली मोकळी जागा स्वतःच भरून काढते. या कलेत गोविंदराव इतके निपुण झाले, की जी पेटी गवयाच्या मागे बसत असे, ती मैफलीत एकटी पुढे येऊन बसली. केवळ हार्मोनियमचे स्वतंत्र वादन ऐकण्यासाठी रसिक जमू लागले. वाद्याची प्रतिष्ठा वाद्यात नसते, वाजविणाऱ्याच्या व्यासंगात असते, हे त्यांनी लोकांना दाखवून दिले.

अल्लादिया खाँसाहेबांचे ते रीतसर शिष्य कधीच झाले नाहीत. परंतु त्यांच्या गायकीचा ध्यास गोविंदरावांनी आयुष्यभर बाळगला. शिष्य म्हणून जे मिळाले नसते, तेही त्यांनी श्रोता म्हणून मिळविले. पुढे खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले तेही गोविंदरावांनीच. ज्याच्याकडून घेतले, त्याचे ऋण शब्दांनी फेडण्याचा हा त्यांचा प्रयत्न होता.

अशा कानाने जमविलेले धन गोविंदरावांनी एकट्यापुरते ठेवले नाही. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली गोविंदरावांनी दिल्या होत्या. तेव्हा त्यांनी वयाची तिशीदेखील गाठली नव्हती. त्यापूर्वीच्या नाटकांतील पदे पुष्कळशी साकी, दिंडी, लावणी व तत्सम ओळखीच्या चालींवर असत. गोविंदरावांनी रागदारीतील चिजा आणि उत्तरेकडील ठुमरी-कजरीसारखे लडिवाळ प्रकार यांचे मराठी पदांशी नाते जुळविले. मैफलीत मोजक्या जाणकारांनी ऐकावयाचे संगीत त्यामुळे नाटकगृहातल्या शेवटच्या बाकावरील प्रेक्षकापर्यंत पोहोचले. ‘मानापमान’ची पदे घरोघर गुणगुणली जाऊ लागली. एका माणसाने वर्षानुवर्षे मन लावून ऐकले होते. आता त्याच्यामुळे सारा महाराष्ट्र ऐकू लागला.

गोविंदरावांचा स्वभाव एका जागी स्वस्थ बसणारा नव्हता. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, गोविंदरावांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. ते नट झाले, नाटककार झाले, संगीतकार तर होतेच. पुढे चित्रपट बोलू लागला, तेव्हा या नव्या कलेलाही ते भ्याले नाहीत. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली, ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट काढला. त्यात राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. चित्रपटाचे संगीतही गोविंदरावांचेच. त्या वेळी त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. ज्या वयात पुष्कळ माणसे नवे काही शिकणे सोडून देतात, त्या वयात हा गृहस्थ कॅमेऱ्यासमोर उभा राहून गाऊ लागला.

इतकी निरनिराळी कामे करणाऱ्या माणसाचे चित्त कोठेच स्थिर नसेल, असे एखाद्याला वाटेल. परंतु जरा खोलवर पाहिले, तर या सर्व कामांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. पेटी, नाटक, बोलपट ही सारी त्यांच्या संगीताने घेतलेली निरनिराळी वस्त्रे होती. १९३९ साली त्यांनी आपल्या सांगीतिक जीवनाविषयी पुस्तक लिहिले. त्याला नाव दिले ‘माझा संगीत व्यासंग’. ‘माझे यश’ नव्हे, ‘माझी कीर्ती’ नव्हे, ‘व्यासंग’! एखाद्या गोष्टीच्या मागे दीर्घकाळ, प्रेमाने, न थकता लागणे, हा त्या शब्दाचा अर्थ. गोविंदरावांच्या साऱ्या आयुष्याचे वर्णन याहून नेमक्या शब्दात करता येणार नाही.

हे पुस्तक निघाले त्याच्या पुढल्याच वर्षी, १९४० मध्ये, रेडिओने हार्मोनियमला आपले दार बंद केले. ज्या वाद्याला एका मराठी कलावंताने मैफलीत मानाने बसविले होते, त्याला सरकारी ध्वनिक्षेपणात साथीसाठीही जागा उरली नाही. ही बंदी थोडीथोडकी नव्हे, सुमारे तीस वर्षे टिकली. देश स्वतंत्र झाला, रेडिओची आकाशवाणी झाली. पण पेटी बाहेरच राहिली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव निवर्तले, तेव्हाही ते दार बंदच होते. १९७० नंतर ते हळूहळू किलकिले होऊ लागले. ते उघडलेले पाहणे गोविंदरावांच्या नशिबी नव्हते.

परंतु रेडिओचे दार बंद असताना गावोगावच्या देवळांची, नाट्यगृहांची आणि मैफलींची दारे उघडीच होती. तेथे पेटी वाजत राहिली. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा एकाहून एक गुणी वादकांनी तिची कला वाढविली. मूळच्या गोमंतकातील बोरी गावच्या तुळशीदास बोरकरांना २०१६ साली ‘पद्मश्री’ देऊन भारत सरकारने गौरविले. ज्या वाद्याला सरकारी रेडिओने एकदा बाहेर ठेवले होते, त्याच्याच वादकाचा हा सरकारी सन्मान होता. काही कारागीर व अभ्यासक तर पेटीची मूळची उणीवच दूर करण्याच्या मागे लागले. ठाण्याचे डॉक्टर विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजविता येतील अशी हार्मोनियम सिद्ध केली. म्हणजे टीकेने जे दोष दाखविले, तेच पुढे सुधारणेचे कारण झाले.

मग रवींद्रनाथ चुकले होते काय? तसेही म्हणता येत नाही. त्यांच्या घरी पियानो होता. त्यांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ त्यावर नवनव्या चाली बसवीत, आणि तरुण रवींद्रनाथ त्या चालींवर शब्द रचीत. तेव्हा पट्ट्यांच्या वाद्यांचा त्यांना परिचय नव्हता, असे नाही. त्यांचा कान तीक्ष्ण होता. सुरांमधली हरवलेली वाट त्यांना ऐकू आली, आणि तिचा त्याग त्यांना सोसला नाही. गोविंदरावांचा कानही तितकाच तीक्ष्ण होता. तीच हरवलेली वाट त्यांनाही ऐकू येत होती. एकाने वाद्य दूर केले. दुसऱ्याने बोटांना शिकविले. दोघांचे मार्ग निराळे झाले, पण दोघांचेही ऐकणे खरे होते. ज्याला उणीव ऐकूच येत नाही, त्याला मात्र या दोघांपैकी कोणाच्याही बाजूने बोलण्याचा अधिकार नाही.

टागोरनगरातील त्या खोलीत बुवांची हकीकत संपली, तेव्हा रात्र बरीच झाली होती. दूर महामार्गावरून गाड्यांचा अखंड घरघराट येत होता. मुलगा पेटीकडे पाहत बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “बुवा, तो गंधार पुन्हा एकदा म्हणाल?”

बुवांनी सूर लावला. मुलाने या खेपेस पट्टी दाबली नाही. तो फक्त ऐकत राहिला.

पुढच्या गुरुवारी पेटी पुन्हा त्याच्या खांद्यावरून देवळापुढे आली. भजन रंगात आले. पखवाजाचा ठेका जमला, टाळ एका लयीत वाजू लागले, आणि बुवांनी एक संथ अभंग धरला. मुलगा साथ करीत होता. ध्रुवपदाच्या शेवटी एक जागा अशी होती, की तेथे बुवांचा आवाज वरच्या सुरावरून खाली येताना सावकाश वळण घेई. आजवर मुलगा त्या ठिकाणी चार पट्ट्या भराभर दाबून ते वळण ‘वाजवीत’ असे, आणि आपण फार चांगले वाजविले असे त्याला वाटे.

त्या रात्री ती जागा आली. मुलाने बोटे उचलली. डाव्या हाताने भाता हलकेच चालू ठेवून त्याने केवळ षड्ज धरून ठेवला. त्या एका शांत सुरावरून बुवांचा म्हातारा आवाज एकटाच, मोकळेपणाने, वळत वळत खाली आला आणि षड्जात मिसळून गेला. ते वळण इतके सुंदर आहे, हे मंडळींना जणू प्रथमच कळले. टाळकऱ्यांपैकी कोणीतरी “वा!” म्हणाले.

बुवांनी वळून पाहिले नाही. त्यांनी तेच ध्रुवपद पुन्हा एकदा म्हटले. मुलाने पुन्हा बोटे उचलली आणि कान पुढे केले.